अठरा गेजची परीक्षा

बीदरच्या किल्ल्यात बुरुजावरच्या तोफेपाशी पोचलं की बहुतेक जण फोटो काढतात आणि पुढे जातात. लोखंडकाम करणारा माणूस मात्र थांबतो, तोफेच्या अंगावरून हात फिरवतो आणि कडी मोजायला लागतो. इथल्या तोफा लोखंडाच्या लांब पट्ट्या गोलाकार रचून, त्यांवर कडी चढवून बांधलेल्या आहेत. तापवलेलं कडं गार होताना आक्रसतं आणि आतल्या पट्ट्यांना करकचून आवळतं. तिकडे कलबुर्गीच्या किल्ल्यात सुमारे २९ फूट लांबीची बारा गजी तोफ पडून आहे. जगातली सगळ्यांत लांब तोफ हीच, असं तिथली माणसं अभिमानानं सांगतात. बहमनींनी १३४७ मध्ये राज्य थाटलं, त्यांची राजधानी कलबुर्गीत होती. पुढे पंधराव्या शतकात राजधानी बीदरला गेली. तेव्हा या दोन्ही गावांना धातूची नळी काही नवी नाही.

फरक जाडीचा आहे. तोफेच्या नळीची भिंत काही इंचांची. आज भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंदच्या एखाद्या शेडमध्ये शिकाऊ पोराच्या हाती जो गोल पाइप येतो, त्याची भिंत असते १.२ मिलिमीटर. बाजारात त्याला अठरा गेज म्हणतात. सोळा गेज म्हणजे १.६, चौदा गेज म्हणजे २ मिलिमीटर. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हा गेजचा उलटा हिशेब पोरगं पहिल्याच आठवड्यात शिकतं. या पाइपला भोक न पाडता जोड कसा द्यायचा, हे शिकायला मात्र बराच काळ जातो. काहींना ते जन्मभर जमत नाही, आणि दोष पाइपला किंवा मशिनला दिला जातो.

पोकळ का घ्यायचा?

आधी हा पाइप लागतो कुठे ते पाहू. शाळेच्या बाकाचे पाय, पाइपची खाट, बाळाच्या पाळण्याचा स्टँड, देवळातल्या दर्शनरांगेचे कठडे, मंडपाचा सांगाडा, अपंगांची तीनचाकी, दुचाकीचं मागचं कॅरिअर, गोठ्यातल्या आडव्या दांड्या. कलबुर्गी जिल्हा तुरीचा. तिथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तूर पेरायच्या तिफणीच्या चाड्याखाली पूर्वी वेळूचे नळे असत. लोखंडी तिफण आली तेव्हा तिथेही पाइप आला. घर, शेत, शाळा आणि देऊळ, चारही ठिकाणी हा पाइप आहे.

गिऱ्हाइकाला वाटतं की पोकळ पाइप म्हणजे मिस्त्रीची काटकसर, भरीव सळई मजबूत. हिशेब उलट आहे. एक इंची, अठरा गेजचा पाइप मीटरला साधारण ७०० ग्रॅम भरतो. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर ती जेमतेम ११ मिलिमीटर जाडीची येईल. दोन्हींवर सारखाच भार टाकला तर पाइप सळईच्या साधारण एक दशांश इतकाच वाकेल. लोखंड मध्यापासून जितकं दूर, तितकं ते वाकायला जास्त विरोध करतं, एवढंच यामागचं गणित. पाइपमधलं सगळं लोखंड कडेला असतं, सळईतलं बरंचसं मधे बसून असतं.

पण ही ताकद पाइपच्या मधल्या भागाची. खुर्ची मोडते ती पाइपमध्ये क्वचित, बहुतेक वेळा जोडापाशी. तिथे भिंत तापून आणखी पातळ झालेली असते, नाहीतर जोड वरवर चिकटलेला असतो. मालाची सगळी अब्रू त्या दोन बोटं जागेत असते.

साखर कारखान्याचा हात

या पट्ट्यातला वेल्डर कुठे घडला, ते समजून घेतल्याशिवाय पातळ पाइप त्याला का छळतो ते कळत नाही. हल्लीखेडचा बीदर सहकारी कारखाना, भालकीजवळ हुणजीचा महात्मा गांधी कारखाना, बीदरजवळचा नारंजा या कारखान्यांनी, त्यांच्या ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांनी आणि हंगाम संपल्यावरच्या दुरुस्तीच्या कामांनी इथले वेल्डर तयार केले. तिकडे वाडी-शहाबादच्या बाजूला सिमेंट कारखाने. सगळीकडे काम जाड लोखंडाचं. बॉयलर, चॅनेल, अँगल, ट्रॉलीची चासी.

साखर कारखान्यात रोलर आर्किंग नावाचं एक काम असतं. चरकाचे रोलर गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, नीट ओढला जात नाही. म्हणून चरक फिरत असतानाच वेल्डर बाजूला उभा राहून रॉडनं रोलरच्या दातांवर कठीण धातूचे थेंब सोडत जातो. तिथे जितका खरखरीतपणा येईल, तितका चांगला. त्या कामात तरबेज झालेला माणूस हात दाबून, करंट चढवून, माल ओतून काम करायला शिकतो. जाड लोखंड हे सगळं पोटात घेतं. आठ मिलिमीटरच्या प्लेटला उष्णता दिली की ती लगेच आजूबाजूला पसरते.

तोच हात अठरा गेजच्या पाइपवर आला की पहिल्या दोन सेकंदांत भोक. मग भोक भरायला आणखी माल, आणखी माल म्हणजे आणखी उष्णता, आणि भोक रुपयाएवढं होतं. शेवटी त्यावर पत्र्याचा तुकडा चिकटवून, ग्राइंडर फिरवून, पुट्टी आणि काळा रंग मारून माल गिऱ्हाइकाला जातो. असा माल या भागातल्या कुठल्याही आठवडी बाजारात बघायला मिळेल.

जाड कामात वेल्डर माल घालायला शिकतो. पातळ पाइपवर त्याला उष्णता आवरायला शिकावं लागतं. हे दोन वेगळे धडे आहेत, आणि पहिला पक्का झालेल्याला दुसरा जास्त जड जातो. नव्या पोराला मिग, म्हणजे तारेचं वेल्डिंग, शिकवणं सोपं, वीस वर्षं रॉड चालवलेल्या मिस्त्रीला अवघड, असं यात पडलेले लोक म्हणतात ते त्यामुळेच.

सीओटू

मिग वेल्डिंगला आपल्याकडच्या शेडमध्ये ‘सीओटू’ म्हणतात. रॉडऐवजी रिळावरची बारीक तार गनमधून आपोआप बाहेर येत राहते, तीच वितळून माल होते, आणि नोझलमधून सुटणारा वायू वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. ही पद्धत अमेरिकेत ओहायोतल्या बॅटेल संस्थेत १९४८ मध्ये तयार झाली, तेव्हा ती मुख्यतः ॲल्युमिनियमसारख्या धातूंसाठी होती आणि तिला महागडे वायू लागत. १९५३ मध्ये ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव या सोव्हिएत तंत्रज्ञांनी साध्या कार्बन डायऑक्साइडवर लोखंड जोडून दाखवलं आणि खर्च एकदम खाली आला. त्याच दशकाच्या अखेरीस बारीक तार आणि कमी व्होल्टेजची रीत बसली. पातळ पत्रा आणि पाइप खऱ्या अर्थानं मिगच्या आवाक्यात आला तो तेव्हा.

या रितीत तार वितळलेल्या लोखंडाला टेकते, शॉर्ट होते, टोकाचा थेंब सुटतो, पुन्हा आर्क पेटतो. सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा हे घडतं. डोळ्याला काहीच दिसत नाही, कानाला मात्र कळतं. सेटिंग बरोबर असेल तर तापल्या कढईत भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज येतो. फट-फट फुटायला लागलं की तारेचा वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी. नुसता फुस्स आवाज आणि टोकाला मोठा गोळा लोंबायला लागला की व्होल्टेज जास्त. एकाच लाइनवर शेजारची पिठाची गिरणी चालू झाली तरी आवाज बदलतो, आणि जाणता माणूस बटणाकडे न बघताच थांबतो.

उष्णतेचा फरकही आकड्यांत पाहता येतो. अडीच मिलिमीटरचा रॉड ७५ अँपिअर आणि २३ व्होल्टच्या आसपास चालला, तर जोडापाशी १७०० वॉटच्या घरात उष्णता ओतली जाते. मिगवर ०.८ मिलिमीटरची तार ६० अँपिअर आणि १६ व्होल्टला चालवली, तर हजाराच्याही आत. जवळपास निम्मी. शिवाय ट्रिगर सोडला की ती त्याच क्षणी थांबते आणि दाबला की पुन्हा तिथेच सुरू होते. रॉड असा मधेच थांबवून नेमका परत लावणं जिकिरीचं. मिगचा खरा फायदा हा आहे. वेग आणि सफाई नंतर.

सुरुवातीला अठरा गेजच्या पाइपसाठी १५ ते १६ व्होल्ट, ५० ते ६० अँपिअर, वायू मिनिटाला ८ ते १० लिटर, आणि गनच्या टीपच्या बाहेर तार ८ ते १० मिलिमीटर, एवढं धरून चालावं. मशिनगणिक आकडे थोडे हलतात, म्हणून आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर ओढून बघायचं. तारेच्या डब्यावर ईआर-७०-एस-६ असं छापलेलं असतं. त्यातला ७० म्हणजे दर चौरस इंचाला ७०,००० पौंड ताण सोसण्याची ताकद, आणि ६ म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचा असा मेळ की किरकोळ गंज पोटात घालेल. किरकोळच. मळ, तेल आणि रंग घासून काढायला पर्याय नाही.

वायूची निवडही पाइपवर ठरते. निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त, पण तो खोल शिरतो आणि ठिणग्या फार उडवतो. आर्गॉनमध्ये वीस टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण घेतलं तर आर्क मऊ चालतो, पातळ भिंतीला ते मानवतं. तालुक्याच्या गावात मिश्रणाचं सिलिंडर दर वेळी मिळेलच असं नाही, म्हणून बहुतेक शेडमध्ये साधा सीओटूच असतो. तो बाटलीतून बाहेर पडताना इतका गार होतो की रेग्युलेटरवर बर्फ धरतो. त्यासाठी रेग्युलेटरला छोटा हीटर लावतात. तो बंद पडला की वायूचा पुरवठा कमी-जास्त होतो आणि जोडात बारीक बारीक छिद्रं पडतात. शेडचं दार सताड उघडं असताना वारा वायू उडवून नेतो, तेव्हाही हेच होतं. पोरगं मशिनला शिव्या देतं, दोष दाराचा असतो.

कागदाची पट्टी आणि दोन कान

पातळ पाइपचं निम्मं वेल्डिंग आर्क पेटण्याआधीच होऊन जातं. एका पाइपवर दुसरा पाइप काटकोनात बसवायचा असेल तर दुसऱ्याचं तोंड सरळ कापून चालत नाही. ते पहिल्याच्या गोलाईवर नीट बसेल असं चंद्रकोरी कापावं लागतं. बहुतेक जण हे अंदाजानं, ग्राइंडरनं खात खात करतात आणि कुठेतरी दोन मिलिमीटरची फट ठेवतात. १.२ मिलिमीटरच्या भिंतीला दोन मिलिमीटरची फट म्हणजे भोकाला आमंत्रणच. तार फटीतून आत शिरते, दोन्ही कडा मागे पळतात, आणि मग मशिन काहीही करू शकत नाही.

यावर जुना, बिनखर्चाचा उपाय कागदाची पट्टी. एक इंची पाइपचा घेर भरतो ७९.८ मिलिमीटर. तेवढ्या लांबीची पट्टी कापून तिचे बारा भाग करायचे, प्रत्येक सुमारे ६.६५ मिलिमीटरचा. पट्टीच्या एका कडेपासून खाली क्रमानं ०, ६.४, ११, १२.७, ११, ६.४, ० असे बिंदू घ्यायचे, मग तेच पुन्हा. बिंदू हातानं वळणदार जोडले की दोन कमानी तयार होतात. पट्टी पाइपला गुंडाळून, खडूनं रेघ मारून त्या रेघेवर कापलं की पाइप पाइपवर बसतो. आयटीआयच्या ड्रॉइंगच्या तासाला पृष्ठभाग उलगडण्याचा जो धडा असतो, तो हाच. वर्गात तो कंटाळवाणा वाटतो, कारण तिथे हातात पाइप नसतो.

अशा कापात दोन बाजूंना दोन टोकं खाली येतात, त्यांना कान म्हणू. कान धारदार आणि पातळ असतात, आणि सगळ्यात आधी जळतात तेच. म्हणून त्यांची धार कानसेनं थोडी मोडायची, आणि वेल्डिंग कानापासून कधीही सुरू करायचं नाही. सुरुवात कमानीच्या भागातून, जिथे भिंत पूर्ण जाडीची आहे.

मग टाके. चार टाके पुरतात, पण एकामागून एक ओळीनं नाही, समोरासमोर. एक वर मारला की दुसरा त्याच्या थेट समोर, मग उरलेल्या दोन बाजू. टाका गार होताना ओढतो. एकाच बाजूला सगळे टाके मारले तर पाइप त्या बाजूला मान टाकतो, आणि चार पायांचं स्टूल तीन पायांवर उभं राहतं. प्रत्येक टाक्यानंतर गुण्या लावून बघायचा. आता अर्धा अंश सरकवणं सोपं आहे, वेल्ड झाल्यावर घणानं ठोकूनही ते होत नाही.

मनगट नाही, अंग फिरवायचं

सपाट प्लेटवर हात सरळ रेषेत जातो. गोल पाइपवर दर सेंटिमीटरला गनचा कोन बदलावा लागतो. वरच्या भागात दोन पाइपांमधला कोपरा उघडा असतो, कानाकडे जाता जाता तो बदलत जातो. नवशिका मनगट वळवत राहतो आणि पाऊण फेरीतच मनगटाची हद्द संपते. तिथे तो अडखळतो, आणि भोक नेमकं तिथेच पडतं. म्हणून ट्रिगर न दाबता आधी पूर्ण फेरी करून बघायची: कोपर कुठे टेकतं, केबल कुठे अडते, पाय कुठे हलवायचा. हात टेकलेला हवा, आणि अंग पाइपभोवती फिरायला हवं. तुकडा लहान असेल तर सरळ तोच फिरवायचा.

एका दमात पूर्ण फेरी मारायचीच नाही. पाव फेरी, मग समोरची पाव, मग उरलेल्या दोन. मधे हात लावून पाहायचा नाही, पण पाइपचा रंग बघायचा. लाल पट्टा जोडापासून लांबवर पसरला असेल तर थांबायचं. तार वितळलेल्या लोखंडाच्या तळ्याच्या पुढच्या कडेवर ठेवायची आणि जाड पाइप असेल त्याच्याकडे थोडी जास्त झुकवायची.

इथे शेडमध्ये एक संवाद नेहमी कानावर पडतो.

“उस्ताद, भोक पडलं.”

“पडू दे. गन उचल. काळं होऊ दे. आता कडेवर एक टिपका, थांब, दुसऱ्या कडेवर टिपका. मधे घुसू नको.”

भोक भरायची रीत हीच. मधल्या रिकाम्या जागेत माल टिकत नाही, तो कडेवर बसवत आत आणावा लागतो, आणि प्रत्येक टिपक्यानंतर लाली जाऊ द्यावी लागते. घाई केली की भोक वाढतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप शेवटी पूर्ण बुजवताना आतली हवा तापून फुगते आणि शेवटचा वितळलेला थेंब बाहेर फेकते. कितीही वेळा भरा, तिथेच बुडबुडा फुटतो. आत तेल किंवा पाणी राहिलं असेल तर प्रकरण नुसत्या बुडबुड्यावर थांबत नाही, पाइप फुटून जीवावर बेतू शकतं. म्हणून न दिसणाऱ्या बाजूला आधीच तीन मिलिमीटरचं भोक ड्रिल करून ठेवायचं. हवा तिथून जाते आणि जोड शांतपणे बुजतो.

दिसणं आणि धरणं

मिगचा सगळ्यात मोठा धोका भोक हा नव्हे. भोक दिसतं, लाज आणतं आणि दुरुस्त होतं. खरा धोका उलट टोकाला आहे. भोकाच्या भीतीनं पोरगं करंट इतका उतरवतं की तार वितळून पाइपवर बसते, पण पाइपची भिंत वितळतच नाही. वर छान गोळीदार रेघ दिसते, एकसारखी, चकचकीत. आत मात्र दोन धातू एकमेकांत गेलेलेच नसतात. रॉडच्या वाईट कामाला निदान खपली आणि खरबडीतपणा असतो, तो ओरडून सांगतो. मिगचं वाईट काम देखणं असतं.

ट्रिगर दाबत-सोडत टिपक्यांची नाणेरास रचण्याची जी फॅशन आहे, तिच्यात हा धोका सर्वांत जास्त. पातळ पाइपवर टिपक्याटिपक्यानं जाणं चुकीचं नाही. पण पुढचा टिपका मागचा पूर्ण गार होण्याआधी, त्याच्या कडेवर अर्धा चढून पडला पाहिजे. प्रत्येक टिपका थंड लोखंडावर सुरू झाला तर ती शिवण नुसती चिकटवलेली राहते.

म्हणून शिकण्याच्या काळात प्रत्येक जोड तोडून पाहणं हाच अभ्यास. जोड हॅकसॉनं मधोमध उभा कापावा, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासावी. भिंत आणि माल यांच्यामध्ये काळी रेघ दिसली तर जोड धरलेला नाही. दुसरा जोड व्हाइसमध्ये पकडून पाइप चपटा होईपर्यंत दाबावा आणि वाकवावा. पाइप फाटला पण जोड राहिला, तर काम जमलं. जोड सोलल्यासारखा सुटला, तर करंट वाढवायचा आणि हाताचा वेग वाढवायचा. कमी उष्णता म्हणजे कमी करंट असं नाही. नीट वितळेल इतका करंट ठेवून लवकर पुढे निघून जाणं, हाच पातळ पाइपचा मार्ग. भोक आणि चिकटवण यांच्यामधली वाट फार अरुंद आहे, आणि ती हातालाच सापडावी लागते.

जस्त, धूर आणि बटाट्याचा काप

बीदर म्हटलं की बिदरी आठवते. काळ्या पृष्ठभागावर चांदीची नक्षी असलेल्या या भांड्यांचा धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी या बिदरी कारागिराला पद्मश्री. त्याच गावात वेल्डरला जस्त भेटतं ते दुसऱ्या रूपात, जीआय पाइपवरच्या पांढऱ्या थराच्या. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळतं पंधराशेच्या आसपास. म्हणजे जोड वितळण्याच्या किती तरी आधी जस्ताचा पांढरा धूर नाकात गेलेला असतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला गोडसर धातूची चव येते. दूध प्यायलं की उतरतो, अशी समजूत आहे. ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो आणि श्रेय दुधाला मिळतं. खरा उपाय म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर इंचभर घासून काढणं आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहणं. मुळात अशा कामाला शक्यतो काळा पाइपच घ्यावा.

डोळ्यांचंही तसंच. काळ्या काचेशिवाय टाका मारायची सवय सगळ्या शेडमध्ये आहे. आर्क लागतो तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. मग बटाट्याचे काप ठेवतात, त्यानं गार वाटतं, इजा भरून निघत नाही. मिगचा आर्क उघडा असतो, रॉडइतका धूर त्याला झाकत नाही, म्हणून दहा किंवा अकरा नंबरची काच हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधली अतिनील किरणं ही दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. शेडमध्ये हे कोणी सांगत नाही. हेल्परला तर काचही उसनी मिळते.

शिकवणार कोण?

या पट्ट्यातल्या पोराची भाषांची कसरत वेगळीच आहे. घरी मराठी, औराद-भालकीकडे बऱ्याच जणांची शाळाही मराठी. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्राच्या बाजूला गेले आणि औराद, भालकीसारखे तालुके इकडे राहिले. त्यामुळे आयटीआयत फळ्यावर कन्नड आणि इंग्रजी, शेडमध्ये उस्तादांची दखनी, मशिनच्या पुस्तिकेत इंग्रजी. पोरगं हे सगळं निभावतं, पण ‘का’ असा प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा हेच त्याला कळत नाही. मग तो विचारत नाही.

सोयी नाहीत असं नाही. आयटीआयत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलाला तिथे प्रवेश मिळतो. त्यात रॉडबरोबर मिग आणि टिग दोन्ही आहेत. चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था या अभ्यासक्रमाची पुस्तकं काढते, आणि ती मराठी-कन्नडसह अनेक भारतीय भाषांत निघतात. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या मदतीनं बंगळूरला सुरू झालेल्या सरकारी टूल रूमची केंद्रं कलबुर्गी आणि हुमनाबादला आहेत. जून २०२२ मध्ये कर्नाटकातल्या १५० सरकारी आयटीआयंत टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागानं नवी यंत्रसामग्री आली. पीएम विश्वकर्मा योजनेत लोहाराला १५,००० रुपयांची अवजारं मिळतात, पण तिच्या अठरा धंद्यांत वेल्डरचं नाव वेगळं नाही.

कमी पडतो तो पाइप. मिग शिकायला तोडून फेकायचे जोड लागतात, एक-दोन नव्हे, ढिगानं. संस्थेत मालाचा हिशेब द्यावा लागतो, शेडमध्ये मालक प्रत्येक तुकडा मोजतो. त्यामुळे पोरगं थेट गिऱ्हाइकाच्या खाटेवर शिकतं, आणि गिऱ्हाइकाच्या खाटेवर शिकणारा माणूस जोड कापून पाहायला कधीच शिकत नाही. जमलेलं पोरगं मग पुणे-हैदराबाद महामार्गानं चाकणला किंवा हैदराबादला जातं. तिथे पातळ नळ्यांचे जोड यंत्रमानव देतात आणि त्याच्या वाट्याला तुकडे लावणं-काढणं येतं. इथे मात्र खाट, पाळणा आणि तिफण यांना अजून माणसाचाच हात लागतो, आणि लागत राहील.

म्हणून तीन माणसांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. गिऱ्हाइकानं रंग चढण्याआधी माल बघायला जावं, आणि रंगाखाली पुट्टी आहे का ते विचारावं. आयटीआयच्या शिक्षकानं मराठी मुलांच्या हाती निमीचं मराठी पुस्तक द्यावं आणि कागदाच्या पट्टीचा धडा वर्गाऐवजी बाकड्यावर पाइपच्या शेजारी घ्यावा. आणि मिस्त्रीनं कोपऱ्यातले कटिंगचे तुकडे लगेच भंगारात टाकू नयेत. भंगारवाला ते जोडलेलेही त्याच भावानं नेतो. त्याआधी शिकणाऱ्या पोराला ते एकदा जोडू द्यावेत, आणि त्याच्यासमोर बसून एकेक जोड कापून दाखवावा.